धुकं एकच, आकडे तीन: धावपट्टीवरची दृश्यमानता यंत्रं कशी मोजतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जानेवारीत पहाटे दिल्लीहून पुण्याला येताना विमान रखडलं. फोनवर विमानतळाचा हवामान अहवाल, म्हणजे मेटार, उघडलात तर दृश्यमानता ५० मीटर आणि त्याच ओळीत धावपट्टीवरची दृश्यमानता, आरव्हीआर, २०० मीटर. तोवर विमानं उडत होती. मग उजाडलं, धुकं काही वाढलं नाही, तरी आरव्हीआर १०० वर आला आणि उड्डाणं थांबली. तुम्ही इन्स्ट्रुमेंटेशन शिकताय, म्हणून विचारलंत की यातला खरा आकडा कोणता, यंत्र बिघडलं होतं का, आणि धुकं, धुरकं, पाऊस हे यंत्राला वेगवेगळं कळतं तरी कसं.

यंत्र बहुधा ठणठणीत होतं, आणि तिन्ही आकडे खरे असू शकतात. ही यंत्रं बसवण्यात, पुसण्यात आणि त्यांच्या नोंदी तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. अनुभव असा की नव्या माणसाला यंत्रातलं इलेक्ट्रॉनिक्स लवकर उमजतं, पण ‘दृश्यमानता’ नावाची वस्तू हवेत नसते हे पचायला वेळ लागतो. हवेत असतात ते थेंब आणि कण. ते प्रकाश किती खातात आणि किती विखुरतात, एवढंच मोजता येतं. याला प्रकाशाचा ऱ्हास म्हणू. दिसणं ही त्यापुढची गोष्ट आहे. ते कशाकडे बघताय आणि डोळे किती दिपलेत यावर ठरतं.

आधी तुमची पहाट हिशेबात बसवू. धुकं असं धरा की ५० मीटर गेल्यावर दिव्याच्या झोताचा जेमतेम ५ टक्के प्रकाश उरतो. हवामानशास्त्रात या अंतराला मोर (एमओआर, मेटिओरॉलॉजिकल ऑप्टिकल रेंज) म्हणतात, आणि आपल्या यंत्रांचं मूळ मोजमाप हेच. एखादी काळपट भिंत दिवसा पांढऱ्या धुक्यात साधारण याच अंतरापर्यंत दिसते. भिंतीचा आणि पार्श्वभूमीचा फरक अंतराबरोबर कसा पुसट होतो, त्याचं सूत्र कोश्मिडर यांनी १९२४ मध्ये मांडलं. दिवा मात्र भिंतीसारखा नाही, तो स्वतः प्रकाश फेकतो. तो किती लांबून दिसेल याचं सूत्र त्याहून जुनं आहे, अलार यांचं, १८७६ सालचं. त्यात तीन गोष्टी लागतात: दिव्याची तीव्रता, हवेतला ऱ्हास, आणि डोळ्याला जाणवण्यासाठी लागणारा किमान प्रकाश. हा किमान प्रकाश अंधारात अगदी कमी पुरतो. भर उजेडात तो हजारपटीहून जास्त लागतो.

धावपट्टीच्या कडेचा दिवा पूर्ण तीव्रतेला १०,००० कँडेलाचा धरा. अलार यांच्या सूत्रात आकडे घातले की अंधारात हा दिवा सुमारे २०९ मीटरवरून दिसतो. फटफटायला लागलं की १७३, नेहमीच्या उजेडात १४२, आणि ऊन धुक्यावर पडून सगळं पांढरं झगझगायला लागलं की १११. धुकं मात्र त्या सगळ्या वेळात तसूभरही बदललेलं नाही. आरव्हीआर ४०० मीटरच्या आत असला की तो २५ मीटरच्या पायरीने आणि नेहमी खालच्या बाजूला पूर्ण करून सांगतात. म्हणून अहवालात क्रमाने २००, १५०, १२५, १०० असे आकडे येतात. दिल्लीत कॅट-३बी, म्हणजे दाट धुक्यात उपकरणांच्या मदतीने उतरण्याच्या, पद्धतीने ५० मीटर आरव्हीआरला विमान उतरू शकतं, पण उड्डाणाला साधारणपणे १२५ मीटर लागतात. १०० चा आकडा आला आणि तुमचं विमान थांबलं, ते याच हिशेबाने. प्रत्यक्ष यंत्रणेत आणखी एक बारकावा असतो: अगदी दाट धुक्यात वैमानिक कडेच्या दिव्यांऐवजी मधल्या रेषेचे, कमी तीव्रतेचे दिवे धरतो, म्हणून गणितही तिकडे सरकवतात आणि आकडा थोडा खाली येतो.

मग ५० मीटर कुठून आले? ती सर्वसाधारण दृश्यमानता. निरीक्षक किंवा यंत्र ती विमानतळाच्या परिसरासाठी देतो, एका धावपट्टीपुरती नव्हे. नियमात रात्रीसाठी १,००० कँडेलाच्या दिव्याची कसोटी आहे. आपल्या धुक्यात असा दिवा अंधारात १७५ मीटरच्या आसपास दिसायला हवा. पण निरीक्षकाला जवळ तसा दिवा नसेल आणि तो इमारतीची कड, खांब, झाडं अशा खुणांवरून अंदाज घेत असेल, तर त्याला ५० च दिसणार. त्यात वेळेचाही फरक आहे. टॉवरकडून वैमानिकाला एका मिनिटाची सरासरी जाते आणि मेटारमध्ये दहा मिनिटांची. तो अर्ध्या तासाने निघणारा मेटार तुम्ही फोनवर वाचत होता. धुकं झपाट्याने हलत असेल तर वीस मिनिटांपूर्वीचा आकडा शिळा झालेला असतो.

आता यंत्रांकडे येऊ.

सगळ्यात जुनं आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात प्रामाणिक यंत्र म्हणजे ट्रान्समिसोमीटर. एका खांबावर प्रकाश फेकणारा डबा, ठरलेल्या अंतरावर दुसऱ्या खांबावर तो पकडणारा डबा. मधल्या हवेतून किती टक्के प्रकाश पोचला ते मोजायचं. शोषण झालेलं असो की विखुरणं, जे वाटेत हरवलं ते हरवलं, म्हणून ऱ्हास सरळ हाती येतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, एनएएलने, ‘दृष्टी’ नावाचं असं देशी यंत्र तयार केलं आणि भारतीय हवामान खात्याबरोबर ते आपल्या विमानतळांवर बसवलं. आयात यंत्राचा एखादा सुटा भाग यायला हिवाळा उलटून जायचा, ते दिवस मी पाहिले आहेत. त्यामुळे या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे.

या यंत्राची अडचण त्याच्या गणितातच आहे. दोन खांबांतलं अंतर, म्हणजे बेसलाइन, ७५ मीटर धरा. मोर १० किलोमीटर असताना ९७.८ टक्के प्रकाश पोचतो. आता काचेवर धूळ बसून फक्त १ टक्का प्रकाश अडला, तर यंत्र १० किलोमीटरऐवजी ६.९ सांगतं. तीच धूळ मोर ३०० मीटर असताना बसली असेल, तर यंत्र सांगतं २९६. म्हणजे धुक्यात हे यंत्र अतिशय भरवशाचं, आणि स्वच्छ हवेत काचेवरच्या धुळीपुढे हतबल. म्हणून त्याचा वापर आरव्हीआरच्या पल्ल्यापुरता, साधारण २,००० मीटरपर्यंतच करतात. दुसऱ्या टोकाला मोर २५ मीटरवर आला की ७५ मीटर पार करून जेमतेम ०.०१२ टक्के प्रकाश पोचतो. तो गोंगाटातून वेगळा काढणं अवघड. बेसलाइन ३० मीटर केली तर दाट धुकं नीट मोजता येतं, पण स्वच्छ हवेत तीच १ टक्का धूळ १० किलोमीटरचे ४.७ करते. पूर्वी यावर उपाय म्हणून एका प्रक्षेपकाला जवळ आणि लांब असे दोन ग्राहक, म्हणजे प्रकाश पकडणारे डबे, देत. आता प्रकाशस्रोत आणि ग्राहक इतके सुधारलेत की एकाच बेसलाइनवर बराच पल्ला सांभाळता येतो.

दुसरं यंत्र म्हणजे फॉरवर्ड स्कॅटर मीटर. एकाच खांबाच्या डोक्यावर दोन हात, दोन्ही थोडे खाली झुकलेले. एकातून इन्फ्रारेड झोत निघतो. दुसरा त्या झोताकडे सरळ बघत नाही, तर ३० ते ४५ अंशांच्या आसपास वळलेला असतो, आणि मुठीत मावेल एवढ्या हवेतून त्या दिशेला विखुरलेला प्रकाश मोजतो. हवा स्वच्छ असेल तर काहीच दिसत नाही. धुकं आलं की इशारा, म्हणजे सिग्नल, वाढतो. कोन असा निवडण्यामागे कारण आहे: या पट्ट्यात विखुरलेला प्रकाश आणि एकूण ऱ्हास यांचं गुणोत्तर थेंबाच्या आकारावर सगळ्यात कमी अवलंबून असतं. यंत्र स्वस्त, एका खांबावर मावणारं, जुळवायला सोपं, पल्ला दहा-वीस किलोमीटरपर्यंत सहज. म्हणून जगभर त्याचाच प्रसार झाला, आणि झाला ते योग्यच.

पण वापरणाऱ्याने त्याच्या दोन खोडी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली खोड काचेची. ट्रान्समिसोमीटरची काच मळली की तो दृश्यमानता कमी सांगतो. विमानं विनाकारण अडतील, पण कुणी धोक्यात जाणार नाही. फॉरवर्ड स्कॅटरची काच मळली तर प्रकाश कमी पोचतो, यंत्राला वाटतं कण कमी आहेत, आणि ते दृश्यमानता वाढवून सांगतं. दहा टक्के इशारा गेला की ५०० चे ५५५ होतात. चूक धोक्याच्या बाजूला जाते. म्हणून चांगल्या यंत्रात काचेवरचा मळ मोजणारी स्वतंत्र सोय असते आणि ती आकडा सुधारून घेते. त्या सोयीचा इशारा-दिवा लागला की चहा पिऊन मग बघू असं कधीही करू नका.

दुसरी खोड धुराची. पाण्याचे थेंब प्रकाश विखुरतात, जवळजवळ शोषत नाहीत. काजळी मात्र शोषते. शोषलेला प्रकाश फॉरवर्ड स्कॅटरच्या नजरेला पडतच नाही. त्यामुळे नोव्हेंबरात उत्तर भारतात शेतातला पेंढा जळतो, वाहनांचा आणि चुलींचा धूर खाली साचतो, तेव्हा हे यंत्र डोळ्यांपेक्षा थोडं जास्तच आशावादी असतं. शिवाय ते स्वतःहून निरपेक्ष माप देतच नाही. त्याच्यासमोर विखुरणारी काचेची ठरलेली तबकडी धरून ते जुळवतात, आणि त्या तबकडीची किंमत शेवटी ठरलेली असते ती धुक्यात ट्रान्समिसोमीटरशेजारी ठेवून. सगळ्या विमानतळांवर फॉरवर्ड स्कॅटरच बसवला, तरी कुठेतरी एक ट्रान्समिसोमीटर नीट सांभाळावाच लागतो.

एक प्रसंग सांगतो. एका छोट्या विमानतळावर, नाव सांगत नाही, ऑक्टोबरात ओळीने चार-पाच सकाळी यंत्र ४०० मीटर दाखवायचं आणि खिडकीतून तीन किलोमीटरवरचा डोंगर लख्ख दिसायचा. साडेआठनंतर आकडा आपोआप सुधारायचा. तिथल्या लोकांनी कार्ड बदललं, वीजपुरवठा बदलला, कंपनीला पत्र गेलं. मी सूर्य उगवायच्या आधी खांबापाशी जाऊन उभा राहिलो. दोन हातांच्या मधोमध कोळ्याचं जाळं होतं आणि त्यावर दव. दवाचा एकेक थेंब म्हणजे यंत्राच्या दृष्टीने अस्सल धुकंच. ऊन चढलं की दव उडायचं आणि जाळं अदृश्य व्हायचं, त्यामुळे दुपारी तपासणाऱ्याला काही सापडत नव्हतं. पावसाळ्यानंतर कोळी येतात, कारण डब्यातल्या हीटरची ऊब आणि दिव्याकडे येणारे किडे त्यांना हवे असतात. कुंभारीण माशी तर काचेवरच्या टोपीत मातीचं घर बांधून मोकळी होते. तेव्हापासून माझ्या देखभालीच्या वहीत ‘जाळी, माती, पक्ष्यांची विष्ठा’ हा रकाना विजेच्या तपासणीच्या वर असतो.

जागेबद्दल नियम स्पष्ट आहेत. यंत्र जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर, धावपट्टीच्या मध्यरेषेपासून १२० मीटरच्या आत, आणि खांब असा की विमानाचा पंख लागला तर खांबच मोडून पडावा. विमान टेकतं तिथे एक, मध्यावर एक, शेवटाकडे एक. दिल्लीची एक धावपट्टी ४,४३० मीटर लांब आहे. एका टोकाला धुक्याचा लोट आणि दुसऱ्या टोकाला तारे दिसताहेत, असं सर्रास घडतं. त्याशिवाय दोन गोष्टी लागतातच: आकाशाचा उजेड मोजणारा सेन्सर आणि धावपट्टीचे दिवे कोणत्या पायरीवर लावलेत ही माहिती. वर हिशेबात उजेडाने किती फरक पडला ते पाहिलंत. दिव्यांचंही तसंच. मोर २०० मीटर असताना अंधारात पूर्ण तीव्रतेचा दिवा सुमारे ६८० मीटरवरून दिसतो. टॉवरने दिवे ३ टक्क्यांवर आणले तर तोच ४९० वर येतो. दिव्यांची पायरी सांगणारी तार तुटली आणि संगणक जुनीच पायरी धरून बसला, तर दोन्ही टोकांची महागडी यंत्रं अचूक असूनही आरव्हीआर चुकतो. दरवर्षी हिवाळ्याआधी मी आधी ही तार तपासायला सांगतो.

आता पाऊस, धुकं, धुरकं. म्हणजे ‘सद्य हवामान’ ओळखणारी यंत्रं. इथे यंत्राची आणि माणसाची खरी परीक्षा असते.

फॉरवर्ड स्कॅटरचाच इशारा बारकाईने पाहिला तर त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. धुक्याचे थेंब मायक्रोमीटरमध्ये मोजायचे, लाखोंनी असतात, त्यांचा इशारा संथ आणि सपाट येतो. पावसाचा थेंब त्या मुठीएवढ्या जागेतून सटकन पडतो आणि टोकदार ठसा उमटवून जातो. ठशाच्या उंचीवरून थेंबाचा आकार, रुंदीवरून वेग. एक मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडतो, पाच मिलिमीटरचा ९ मीटरच्या आसपास. बर्फाचा पिसासारखा तुकडा तेवढ्याच आकाराचा असून मीटर-दीड मीटरनेच तरंगत येतो. आकार आणि वेग यांचा आलेख काढला की पाऊस, बर्फ आणि गारा वेगवेगळ्या कोपऱ्यात जाऊन बसतात. लेझरची पातळ पट्टी वापरणारे डिस्ड्रोमीटर हेच काम अधिक नेमकं करतात. काही यंत्रं आणखी एक युक्ती करतात: एक उघडं पृष्ठ ठेवून त्यावर प्रत्यक्ष पाणी किती पडलं ते विद्युत धारकतेने (कपॅसिटन्सने) मोजतात. प्रकाशाच्या हिशेबाने पाऊस खूप आणि पाणी मात्र थोडं, असं दिसलं की तो बर्फ. जोडीला तापमान असतंच, म्हणजे मे महिन्यात नागपुरात यंत्राने बर्फ जाहीर करू नये.

अर्धा मिलिमीटरहून बारीक थेंबांना अहवालात पावसाची भुरभुर म्हणून वेगळा संकेत आहे. आपल्याकडे रिपरिप, झिमझिम, सर, झड, मुसळधार असे किती शब्द. यंत्राकडे फक्त भुरभुर आणि पाऊस, आणि त्यांची हलका-मध्यम-जोरदार अशी प्रत. मुंबईच्या जुलैत यंत्राची दमछाक वेगळ्याच कारणाने होते. मोठे थेंब संख्येने कमी असतात, मुठीएवढ्या जागेतून कधी चार जातात, कधी दहा. त्यामुळे सेकंदासेकंदाचा आकडा उड्या मारतो आणि मिनिटाची सरासरी घेतल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. वाऱ्याने थेंब आडवे आले की ते टोपीच्या आत काचेवर बसतात. म्हणून किनाऱ्यावरच्या विमानतळांना मी नेहमी जास्त ताकदीचा हीटर आणि खोल टोपी सुचवतो. मिठाची साय तर पंधरवड्यात जमते.

धुकं, धुरकं आणि धूळ यांत मात्र प्रकाशाच्या इशाऱ्यावरून फरक करता येत नाही, निदान भरवशाने नाही. तिथे आर्द्रतामापक निर्णय देतो. दृश्यमानता १,००० मीटरच्या आत आणि हवा पाण्याने संपृक्त, तर धुकं. १,००० ते ५,००० च्या दरम्यान आणि दमट, तर विरळ धुकं. कोरडी हवा आणि ५,००० च्या आत, तर धुरकं. कागदावर छान. पण दिल्लीच्या डिसेंबरात सीमारेषेवरची आर्द्रता, त्यात धूर, आणि आर्द्रतामापक तीन टक्के चुकणारा असला, तर यंत्र रात्रभर धुकं-धुरकं असं हेलकावत राहतं. या गुंतागुंतीसाठीच पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएम संस्थेने हवामान खात्याबरोबर २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून दिल्ली विमानतळावर धुक्याची मोहीम चालवली आहे, वायफेक्स नावाची. त्यांचं काम जरूर वाचा. कण, आर्द्रता, जमिनीचं तापमान आणि वारा हे सगळं एकत्र मोजल्याशिवाय धुकं कधी धरणार आणि कधी सुटणार ते कळत नाही.

काही गोष्टी खांबावरच्या यंत्राला दिसूच शकत नाहीत. गुडघ्याएवढं जमिनीलगतचं धुकं अडीच मीटरवरच्या यंत्राच्या खालून निघून जातं. मैदानाच्या पलीकडच्या तलावावर साचलेला पट्टा त्याच्या मुठीत येत नाही. विजेचा गडगडाट प्रकाश विखुरून ओळखता येत नाही, त्याला वीज पकडणारं वेगळं यंत्र लागतं. काय पडतंय हेच ठरेना तर स्वयंचलित अहवालात ‘अनोळखी वर्षाव’ असा संकेत आहे, आणि यंत्राने तो देणं मला छातीठोक चुकीच्या उत्तरापेक्षा कितीतरी पसंत आहे. म्हणून गर्दीच्या विमानतळावर निरीक्षक राहिलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. खर्च वाचवायला त्याची खुर्ची काढण्याच्या मी विरोधात आहे.

तुम्ही शेवटच्या वर्षाला छोटा फॉरवर्ड स्कॅटर बनवणार म्हणालात. इन्फ्रारेड एलईडी सतत पेटता ठेवू नका, ठरावीक वारंवारतेने लुकलुकवा आणि ग्राहकाने तेवढीच वारंवारता ऐकावी. नाहीतर दुपारचं ऊनच मोजत बसाल. दोन्ही टोप्या खाली झुकवा. समोरासमोर एका सरळ रेषेत येऊ देऊ नका. आर्द्रतामापक चांगला घ्या, पैसे वाचवायचेच तर डब्यावर वाचवा. जुळवणीसाठी स्मशानाजवळचा धूर किंवा अगरबत्ती वापरू नका, काजळीचं कारण वर आलंच आहे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत मुळा-मुठेच्या काठी पहाटे विरळ धुकं मिळतं. तिथे ठरलेल्या अंतरांवर काळे फलक उभे करा, दर पाच मिनिटांनी कोणता फलक दिसेनासा झाला ते वहीत लिहा, आणि मगच यंत्राचा आकडा बघा. आधी बघितलात तर डोळा त्या आकड्याच्या मागे जातो. सुरुवातीला माझंही तसंच व्हायचं.